दर्या आणि दऱ्या: मधे फक्त एक बिट

अलिबागच्या एस.टी. स्टँडवरून समुद्राकडे चालत निघालं की वाटेत एका लॉजचा फ्लेक्स लागायचा. निळं पाणी, माडांची रांग, मागे हिरवागार डोंगर आणि वर ठळक अक्षरांत एक ओळ: 'डोंगर-दर्यांच्या कुशीत निवांत मुक्काम'. मी दर वेळी त्या ओळीपाशी थांबायचो. दरीचं अनेकवचन दऱ्या. दर्या म्हणजे तर समुद्र. लिहिणाऱ्याच्या मनात डोंगरांमधल्या दऱ्या होत्या आणि फलकावर त्यांच्या जागी समुद्र उसळला होता.

रायगडच्या किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदतात. पश्चिमेला दर्या, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून त्याला नारळ वाहतात. पूर्वेला कनकेश्वर, सागरगड आणि त्यांच्या कुशीतल्या दऱ्या. मुंबईला जायचं तरी वाट या दोहोंतूनच जाते. उघडीप असेल तेव्हा मांडव्याहून गेटवेची लाँच धरायची. पावसाळ्यात त्या लाँच बंद झाल्या की कार्ले खिंडीतून पोयनाड, वडखळ, पेण अशी रस्त्याची वाट. म्हणजे वर्षातले काही महिने दर्यावरून आणि काही महिने डोंगरांच्या कडेकडेने. म्हणून असेल, हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसलेले दिसले की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

त्या फलकाने माझ्या मनात एक प्रश्न सोडला. माणूस मागचं-पुढचं बघून अर्थ लावतो. कॉम्प्युटरने ना समुद्र पाहिला, ना दरी. मग त्याच्या पोटात हे दोन शब्द वेगळे राहतात ते कशाच्या आधारावर? आणि किती वेगळे? मला मुक्त सॉफ्टवेअरचा नाद आहे. त्यात यंत्राचं झाकण उघडून आत डोकावायची पूर्ण मुभा असते. मी झाकण उघडलं. आत जे दिसलं त्याने मी अजून थक्क आहे.

आधी कान

कॉम्प्युटरकडे जाण्याआधी हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'दर्या' म्हणताना जीभ दर् वर टेकते, द वर जोर येतो आणि मग या येतो. 'दऱ्या' म्हणताना द हलका सुटतो, त्यावर आघात येत नाही, आणि र पुढच्या या ला बिलगून येतो. हा फरक मराठी कानाला शाळेत जाण्याआधीपासून कळतो.

त्यामागे व्याकरण आहे. वारा, किनारा, दरी, पायरी, शेतकरी अशा शब्दांना विभक्ती लागते किंवा त्यांचं अनेकवचन होतं, तेव्हा वाऱ्याने, किनाऱ्यावर, दऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांना अशी रूपं तयार होतात. तिथे आधीच्या अक्षरावर आघात नसतो, म्हणून तो आडवा, छोटा, अर्धा र लिहायचा. सूर्य, कार्य, आचार्य यांत आघात असतो, म्हणून डोक्यावर रफार. शाळेतलं ठरलेलं उदाहरण आठवत असेल: आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाची मजुरी. रफार आणि अर्धा र यांची अदलाबदल झाली, तर गुरुजी चुलीपुढे जाऊन बसतात.

हिंदी याच देवनागरीत लिहिली जाते, पण तिला या अर्ध्या र ची गरज पडत नाही. युनिकोडच्या अधिकृत नियमांत या खुणेचा उल्लेख येतो तिथे दोन भाषांची नावं आहेत: मराठी आणि नेपाळमधली नेवारी. इंग्रजीत त्या र ला 'पापणीसारखा र' म्हणतात. एकदा ते नाव ऐकलं की वाऱ्यावर, किनाऱ्यावर, सगळीकडे मिटलेली पापणी दिसायला लागते.

१२० पैकी एक

आता झाकण उघडू. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. जगातल्या बहुतेक सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक आकडा नेमून देणारी जी यादी आहे, ती युनिकोड. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. या यादीत र चा आकडा २३५२ आहे. त्याच्या लगेच पुढे, २३५३ वर, ऱ बसलेला आहे. तोच र, खाली एक टिंब.

'दर्या' साठवताना कॉम्प्युटर पाच आकडे ओळीने ठेवतो: द, र, पाय मोडण्याची खूण, य, काना. 'दऱ्या' साठवतानाही पाचच: द, ऱ, पाय मोडण्याची खूण, य, काना. चार आकडे तंतोतंत सारखे. फरक फक्त दुसऱ्या जागी, आणि तिथेही तो केवळ एकाचा.

हे आकडे तारांतून आणि मोबाइलच्या लहरींतून धावतात ते यूटीएफ-८ नावाच्या बांधणीत. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी ती १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. आज जगातली बहुतेक वेबपानं त्याच बांधणीत आहेत. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पाच चिन्हांचे पंधरा बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे आठ शून्य-एक. पंधरा गुणिले आठ, १२०.

मी दोन्ही शब्दांचे १२० बिट एकाखाली एक लिहून काढले. र चा शेवटचा बाइट १०११००००. ऱ चा शेवटचा बाइट १०११०००१. बाकी सगळं जसंच्या तसं. १२० पैकी ११९ बिट सारखे आणि एकच वेगळा. तो शून्य असेल तर समोर खारं पाणी पसरतं, लाटा येतात, होड्या लागतात. तो एक झाला की पाणी ओसरतं आणि तिथे दोन डोंगरांमधली ओली, झाडीने भरलेली घळ उरते. कुलाबा किल्ल्याला जायला ओहोटीची वाट पाहावी लागते. इथे एका बिटाने समुद्र मागे हटतो. त्या रात्री मी तो कागद कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

तमिळसाठी राखलेली जागा

पण ऱ तिथे आला कुठून? मराठीच्या मुळाक्षरांत आपण तो कधी गिरवला नाही.

त्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. युनिकोडच्या आधी भारताने इस्की नावाची स्वतःची यादी केली होती. १९९१ साली ती भारतीय मानक ब्यूरोचं मानक झाली. तिच्यामागचा विचार विलक्षण होता. देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या सगळ्या लिप्या ब्राह्मीच्या लेकी, म्हणून सगळ्यांसाठी एकच मांडणी. सर्व लिप्यांत क ची जागा एक, र ची जागा एक. तमिळमध्ये आणि मल्याळममध्ये र दोन आहेत. मग दुसऱ्या र साठी प्रत्येक लिपीत एक जागा राखावी लागली. देवनागरीत ती जागा भरली ऱ ने, दक्षिणेतला तो उच्चार देवनागरीत उतरवायचा असेल तर हाताशी असावा म्हणून.

आणि मराठीला त्या जागेत आपला आसरा सापडला. ठरलं असं, की या ऱ चा पाय मोडला की पापणीसारखा अर्धा र उमटेल. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली, तीत हा ठरावही आला. म्हणजे रायगडच्या दऱ्या कॉम्प्युटरमध्ये उभ्या आहेत त्या तमिळ, मल्याळम शेजाऱ्यांसाठी मांडलेल्या पाटावर. यादी कोरड्या आकड्यांची, पण तिच्यात किती घरोबा सामावलेला आहे!

सरकारी मान्यतेच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवरही हे दोघे एकाच घरात राहतात. इंग्रजी 'जे' च्या कळीवर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ.

आकडे ओळीत, अक्षरं नाचात

आतापर्यंत आपल्याकडे नुसते आकडे आहेत. पडद्यावर अक्षर दिसायला अजून अवकाश आहे, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग इथे सुरू होतो.

छापखान्यात खिळे जुळवण्याच्या काळात हे काम माणसाची बोटं करत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या देखण्या देवनागरीमागे खिळे ओतणाऱ्यांचं आणि जुळाऱ्यांचं कसब होतं. जुळाऱ्यासमोर जोडाक्षरांसकट शेकडो खिळ्यांचे खण असत. रफार कुठे बसवायचा, वेलांटी कुठे द्यायची, हे त्याच्या हाताला ठाऊक असायचं.

आज ते काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरांत सर्वांत जास्त पसरलेलं आहे ते हार्फबझ. तुम्ही ते नाव ऐकलं नसेल, पण ते बहुधा आत्ता तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स आणि क्रोम हे ब्राउझर, लिबरऑफिस, या सगळ्यांत अक्षरं जुळवतं ते हेच. इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद एस्फाहबोद यांनी ते घडवलं, जगभरच्या अनेकांनी त्यात भर घातली. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुलं. आपला दर्याही फारसीतूनच आलेला. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग हा किताब होता. दरी मात्र संस्कृतातली. एक शब्द फारसी, एक संस्कृत, आणि दोघांना मराठी वळणाने पडद्यावर बसवणारं सॉफ्टवेअर फारसी नावाचं.

'दर्या' त्याच्या हाती आला की ते आधी शब्दाचे अक्षरगट पाडतं: द, आणि र्या. दुसऱ्या गटाच्या तोंडाशी र आणि मोडका पाय दिसला की त्याला कळतं, हा रफार. साठवणीत र पहिला आहे, पण दिसायला तो शेवटी, वर हवा. म्हणून ते त्याला उचलतं, य वरून, कान्यावरून पलीकडे नेतं आणि कान्याच्या डोक्यावर ठेवतं. 'दऱ्या' आला की तेच सॉफ्टवेअर वेगळं वागतं. ऱ चा रफार होत नाही, हे त्याला ठाऊक आहे. ते र ला जागेवरच राहू देतं आणि फाँटला विचारतं, तुझ्याकडे याचं अर्धं रूप आहे का? फाँट आपल्या तक्त्यातून ती छोटी पापणी काढून देतो. 'किनारा' शब्दात पहिली वेलांटी साठवलेली असते क च्या नंतर, उच्चाराप्रमाणे. काढायची असते क च्या आधी. तेही त्याला माहीत आहे.

मग त्या आकारांच्या कडा काढायच्या. फाँटमध्ये अक्षराचं चित्र नसतं. वळणाचं गणित असतं. ही वळणं रनो कंपनीत मोटारींची अंगं आखणाऱ्या पिएर बेझिए या अभियंत्याच्या नावाने ओळखली जातात. मोटारीच्या बॉनेटचा गोलवा ज्या गणिताने उतरला, त्याच जातीच्या गणिताने आपल्या रफाराचा बाक उतरतो.

मासळीबाजारात कोळीण मावशी टोपली उतरवून फोन काढते आणि लेकीला लिहिते, 'दर्याला उधाण आहे, उशीर होईल.' तेवढ्यात, तिच्या अंगठ्याखाली, गट पडलेले असतात, रफार उचलून पलीकडे ठेवलेला असतो, फाँटने आकार दिलेले असतात, वळणं ठिपक्यांनी भरलेली असतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मावशीला त्यातलं काही कळायची गरज नाही. तिची भाषा तिने लिहिली तशी उमटली, एवढं पुरे आहे.

झाकण उघडं ठेवणारी माणसं

हे मी इतक्या खात्रीने सांगू शकतो, कारण हार्फबझचा मूळ मजकूर कुणालाही वाचायला खुला आहे. भारतीय लिप्यांसाठी त्यात एक वेगळं प्रकरण आहे. त्यात एक तक्ता आहे: देवनागरीची एक ओळ, बंगालीची एक, गुजरातीची एक, तमिळची एक. कोणत्या लिपीत रफार कुठे बसतो, हे त्यात एकेका शब्दात नोंदलेलं. पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा मला गावच्या सातबाऱ्याची आठवण झाली. कुणाची जागा कुठे, हे सगळ्यांसमोर लिहून ठेवलेलं.

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरचा विचार जगापुढे आला. त्याची चार स्वातंत्र्यं आहेत: सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरायचं, ते कसं चालतं ते आत जाऊन बघायचं, दुसऱ्याला द्यायचं आणि सुधारून पुन्हा वाटायचं. मुद्दा फुकट मिळण्याचा नाही, मोकळं असण्याचा आहे.

या चार गोष्टी मराठीसाठी किती मोलाच्या आहेत, हे या एका र वरून कळतं. दूरदेशीच्या एखाद्या कंपनीला आपल्या अर्ध्या र चं सोयरसुतक का असावं? पण झाकण उघडं असलं, की ज्याला टोचतं तो दुरुस्त करू शकतो. लोहित हा फाँट असाच. रेड हॅट या मुक्त सॉफ्टवेअरच्या कंपनीने तो सर्वांना खुला केला. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावातल्या लाल रंगावरून. मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्ता आणि बलू हे देखणे फाँट खुल्या परवान्याने दिले. ते कुणीही वापरावेत, उघडून बघावेत, त्यांत भर घालावी. पाणवठा गावाचा असतो, तशी ही अक्षरं सगळ्यांची झाली.

दिसायला एक, आत दोन

अजून एक अचंबा सांगायचा राहिला. 'दऱ्या' हा शब्द साठवायची एक जुनी पद्धतही आहे. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून ती अजून चालते. तिच्यात साधा र, मोडका पाय आणि त्यापुढे एक अदृश्य खूण येते. या खुणेला रुंदी नाही, आकार नाही. ती फक्त सांगते: पुढच्याशी जोडलेला राहा, पण रफार होऊ नकोस. पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' हुबेहूब सारख्या. आत मात्र एक पंधरा बाइटांची, दुसरी अठरा बाइटांची. म्हणून कधी कधी डोळ्यांसमोर असलेला शब्द शोधूनही सापडत नाही. शोधणारं सॉफ्टवेअर हुशार असेल तरच त्याला दोन्ही एक वाटतात.

आणि हीच अदृश्य खूण आणखी कुठे कामाला येते, ठाऊक आहे? मोबाइलवर आई, बाबा आणि मुलगी असं कुटुंबाचं एकच चित्र आपण पाठवतो. आत ती तीन वेगळी चित्रं असतात, आणि त्यांना एकत्र धरतो तो हाच न दिसणारा धागा. दरीतला र आणि दारातलं कुटुंब एकाच धाग्याने ओवलेलं.

शिफ्ट आणि जे

शेवटी एके दिवशी मी फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात गेलो. कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा विशीतला. त्याच्याकडे जुन्या पद्धतीचे फाँट होते. त्यांत अक्षर दिसतं मराठी, पण आत आकडा असतो रोमन अक्षराचा. दुसऱ्या यंत्रावर नेलं की सगळी ओळ विस्कटते. "काका, तो अर्धा र मिळतच नाही हो," तो म्हणाला. "मग रफार देतो. लोक वाचतात बरोबर."

मी त्याच्या कॉम्प्युटरवर एक मुक्त फाँट उतरवला, इनस्क्रिप्ट सुरू केलं आणि त्याला म्हटलं, द, मग शिफ्ट धरून जे, मग पाय मोड, य, काना. त्याने पाच कळा दाबल्या. 'दऱ्या' उमटलं. त्याने शिफ्ट न धरता पुन्हा लिहिलं. 'दर्या' उमटलं. तो दोन्ही शब्दांकडे बघत राहिला. मग मला काही न विचारता त्याने त्या दिवशीचं काम उघडलं. लग्नाचा फलक होता, सकाळीच 'वर्हाडी' असं लिहून ठेवलेला. त्याने ती ओळ खोडली आणि सावकाश, एकेक कळ बघत, पुन्हा लिहिली: 'वऱ्हाडी मंडळींचे सहर्ष स्वागत'.

एकाच ओळीत दोघे आले होते. वऱ्हाडीतला र मिटल्या पापणीसारखा, जागच्या जागी. सहर्षातला र उडी मारून ष च्या डोक्यावर. त्याने अक्षरं मोठी केली, अजून मोठी केली, पडदाभर. "दोन्ही र च ना, काका?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.